ट्रॅक मोड

बंटीच्या घरी स्पोर्ट्स बाइक आली, तेव्हा ती चालवायची कशी एवढं सोडून तिच्याबद्दलचं सगळं त्याला माहीत होतं. इंजिन १५५ सीसी, ताकद १८.४ पीएस, आणि ती मिळते १०,००० आरपीएमला. आरपीएम ७,४०० च्या वर गेले की व्हीव्हीए नावाची यंत्रणा जागी होते आणि व्हॉल्व्हची उघडझाप वेगळ्या तऱ्हेने व्हायला लागते. हे तो वॉचमनपासून आजीपर्यंत सगळ्यांना समजावून सांगत असे. आजीचा समज झाला, की व्हीव्हीए ही एखादी पॉलिसी असावी. नातू या वयात हप्ते भरायला लागला, याचं तिला बरं वाटलं.

बंटी कुठल्याही सोसायटीत सापडतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक आहे, समोरच्या सोसायटीत दोन आहेत. वय अठरा-एकोणीस, वजन गाडीच्या निम्म्याहून कमी, आणि मोबाइलच्या वॉलपेपरवर गाडी यायच्या आधी वर्षभर गाडीच.

खरं तर आमच्या बंटीला आरसी ३९० हवी होती. केटीएमची ही ३७३ सीसीची गाडी बजाज कंपनी चाकणला बनवते, त्यामुळे "बाबा, ती तर आपल्याच जिल्ह्यातली आहे" असा स्वदेशीचा मुद्दा त्याने मांडून पाहिला. बाबांनी फक्त "एव्हरेज किती?" एवढंच विचारलं आणि पेपर उलटला. पुढे आईची मध्यस्थी, बारावीचे मार्क, आजोबांनी ठेवलेली एक मुदतठेव अशा मार्गाने तडजोड झाली ती यामाहा आर १५ वर. ही गाडी भारतात २००८ साली आली, म्हणजे बंटी रांगत होता तेव्हा. तिचं नाव 'आर वन फाइव्ह' असंच घ्यायचं असतं. बाबा 'आर पंधरा' म्हणतात, आणि तेही बंटीचे मित्र आले की जरा मोठ्यानेच.

गाडी आणायला सगळं घर शोरूमवर गेलं होतं. नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. मग बंटीने सेल्समनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दादा, साडीगार्ड काढून देता का?" साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाशेजारची ती जाळी. गाडीचं सगळं रूप ती घालवते, असं तमाम बंटींचं मत आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम म्हणतो, की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं पाहिजे. ताशी दीडशेच्या आसपास धावायला बनवलेल्या गाडीवर मागे कुणी तरी साडी नेसून बसणार आहे, हे कायद्याने धरूनच ठेवलंय. तिथे तर ती साडी नेसलेली व्यक्ती पेढे वाटत समोरच उभी होती. सेल्समनने आईंकडे पाहिलं, बंटीकडे पाहिलं, आणि "राहू दे की, दादा" म्हणाला.

मग बंटी गाडीवर बसला, हेल्मेट घातलं, काच खाली केली, स्टार्टर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. बाबा पुढे सरसावून "चोक दे, चोक दे" म्हणाले. या गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे, चोक नसतोच, हे बंटीने त्यांना हेल्मेटच्या आतून सांगितलं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी सेल्समनने पुढे होऊन उजव्या हाताशी असलेलं लाल बटण चालू केलं. त्याला किल स्विच म्हणतात, आणि फोटो काढताना ते बंटीनेच दाबून पाहिलं होतं. इंजिन सुरू झालं, टाळ्या पडल्या, बंटीने पहिला गिअर टाकला आणि गाडी बंद पडली. साइड स्टँड खाली होता. तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं. ही सुरक्षेची सोय आहे आणि ती चोख काम करते, याचा पुरावा पंधरा नातेवाइकांसमोर मिळाला.

घरी येताना गाडी बाबांनी चालवली असती तर बरं झालं असतं, असं आईचं मत होतं. बाबांची स्प्लेंडर गेली पंचवीस वर्षं घरात आहे. बंटी मोटारसायकल शिकला तो तिच्यावर, आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला तोही तिच्यावर, आणि त्याची खरी अडचण तिथेच होती. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबत न्यायचे असतात. उतरवायचे तर टाचेने मागचा खटका दाबायचा. आर वन फाइव्हला सहा गिअर, पहिला खाली, बाकीचे पाच पायाच्या चवड्याने वर उचलायचे, आणि टाचेसाठी काहीच नाही. डोक्याला हे पाठ असतं, पायाला नसतं. कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या अलीकडे बंटी तिसऱ्यावरून चौथ्यात जायला निघाला आणि सवयीने पाय खाली दाबून दुसऱ्यात पोचला. इंजिन किंचाळलं, मागून येणारा रिक्षावाला त्याहून मोठ्याने किंचाळला. अशा वेळी मागचं चाक अडकून घसरायचं, पण गाडीला स्लिपर क्लच आहे. रेसवाले वळणाआधी धडाधड गिअर उतरवतात, तेव्हा चाक घसरू नये म्हणून निघालेली ही युक्ती. बंटीचा आणि रेसिंगच्या तंत्रज्ञानाचा पहिला प्रत्यक्ष संबंध आला तो असा.

बसण्याचीही एक तऱ्हा असते. हँडल खाली, फूटरेस्ट वर आणि मागे, पोट टाकीवर. लाल सिग्नलला उभा असलेला बंटी साष्टांग नमस्काराची सुरुवात करून मध्येच काही आठवल्यासारखा दिसतो. या बैठकीमागे शास्त्र आहे. वेग वाढला की समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. पण वारा एवढा मदतीला यायचा तर जो वेग लागतो, तो कर्वे रोडवर कुणी गाठत नाही. संध्याकाळी सहा वाजता तर तिथे वेगच नसतो. मग सगळा भार मनगटांवर. पहिल्या आठवड्यात बंटीला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. आई म्हणाली, "मेलं ते मोबाइलचं व्यसन." गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर अंग तोलायचं आणि हात सैल ठेवायचे, हा त्यावरचा उपाय. तो बंटीने व्हिडिओत पाहिला होता. व्हिडिओतल्या माणसाच्या पोटाला स्नायू होते.

या गाडीच्या डिस्प्लेला दोन रूपं आहेत. एक स्ट्रीट मोड, दुसरा ट्रॅक मोड. ट्रॅक मोडमध्ये आरपीएम ठसठशीत दिसतात, आणि शर्यतीत एका फेरीला किती वेळ लागला ते मोजणारा लॅप टायमरही मिळतो. बंटीने गाडी घेतल्या दिवशी ट्रॅक मोड लावला तो आजपर्यंत. कोथरूड डेपो ते डेक्कन ही त्याची लॅप. तिचा विक्रम तो वहीत लिहून ठेवतो, आणि तो विक्रम बाबांच्या स्प्लेंडरच्या रोजच्या वेळेपेक्षा सात मिनिटांनी जास्त आहे. दोघांनाही हे माहीत आहे. जेवताना हा विषय निघत नाही.

वेळ का लागतो, तेही सांगायला हवं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, की पहिले १,००० किलोमीटर इंजिन ताणू नका. बंटीने ते मनावर घेतलं. त्यामुळे ज्या व्हीव्हीएसाठी त्याने वर्षभर घर डोक्यावर घेतलं, ते ७,४०० आरपीएमचं दार दीड महिना बंद होतं. नवे टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात, वरचा थर झिजेपर्यंत त्यांना पकड नसते, म्हणून वळणावर तो गाडी उभीच ठेवायचा. अशा सगळ्या काळज्या घेत बंटी निघाला, की डावीकडून ॲक्टिव्हावरच्या काकू यायच्या. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फात, पायाशी दळणाचा डबा, हुकाला भाजीची पिशवी. त्या त्याला मागे टाकून जायच्या. वेगाने गेल्या असंही म्हणता येत नाही. त्या नुसत्या गेल्या.

ब्रेकच्या बाबतीत अख्ख्या महाराष्ट्राने बंटीला एकच गोष्ट शिकवली आहे: "पुढचा ब्रेक मारू नकोस, पडशील." हे आजोबांनी सांगितलं, मामांनी सांगितलं, ज्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नाही त्या आत्याबाईंनीही सांगितलं. गाडी थांबायला लागली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. थांबवण्याचं बरंचसं काम म्हणूनच पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक फरफटतं. पुढचा हळूहळू पिळत जायचा, झटक्यात आवळायचा नाही, आणि वाळू, खडी, पावसातली ड्रेनेजची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे यांवर हात आणखी हलका ठेवायचा. चाक अडकू नये म्हणून आता एबीएस असतं, पण खडीवर एबीएसचेही हात टेकतात. बंटीला हे सगळं पाठ आहे. तरी कुत्रं आडवं आलं की त्याच्या पायात आत्याबाई संचारतात.

वळण्याचं शास्त्र तर याहून उलटं. गाडी जरा वेगात असली की डावीकडे वळण्यासाठी डावं हँडल पुढे ढकलायचं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे होतं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. बंटीने हे बाबांना कागदावर बाणबिण काढून समजावलं. बाबा म्हणाले, "मी असलं काही करत नाही." ते पंचवीस वर्षं तेच करत आलेत. वेगात असलेली कुठलीही दुचाकी दुसऱ्या पद्धतीने वळत नाही. बाबांना हे माहीत नाही म्हणून ते सुरळीत वळतात, आणि बंटीला माहीत असल्यामुळे तो प्रत्येक वळणाला कागदावरचा बाण आठवत बसतो.

पण बंटीचा खरा शत्रू वेगळाच आहे. त्याचं नाव यू-टर्न.

स्पोर्ट्स बाइकचं हँडल फार वळत नाही. थोडं वळलं की अडतं. सीट ८१५ मिलिमीटर उंच. बंटीचे पाय जमिनीला पोचतात ते चवड्यांवर, आणि तेही रस्ता सपाट असेल तर. सुमारे १४० किलोची गाडी सरळ उभी असेपर्यंत हलकी वाटते. एका बाजूला जरा जास्त कलली, की ती पुन्हा उभी करायला सोसायटी लागते. पुण्यातल्या दुभाजकाच्या फटीतून पीएमपीची बस डाव्या अंगावर आणि टेम्पो उजव्या अंगावर घेत, लोक हॉर्न वाजवत असताना, चालण्याच्या वेगाने गाडी वळवणं म्हणजे त्याची परीक्षा. जोरात जायचं तर त्याला येतं, मूठ पिळली की कुणालाही येतं. हळू जाता येत नाही. म्हणून बंटी यू-टर्न घेतच नाही. समोरच्या फुटपाथवरचा वडापाव आणायला तो पुढच्या चौकापर्यंत जातो, डावीकडे वळतो, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, असा सगळ्या गल्ल्यांचा फेरा मारून तिथे पोचतो. वडापाववाल्याला वाटतं, पोराला गाडीचं फार कौतुक आहे.

या काळात बंटीने केलेल्या खरेदीचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी टाकीवरचं रबरी पॅड, मग लिव्हर गार्ड, मग चाकांच्या रिमला लाल रेडियम, मग ४६ आकड्याचं स्टिकर. ४६ हा इटलीचा बाइक रेसर व्हॅलेंटिनो रॉसी याचा आकडा. त्याच्या नावावर नऊ जगज्जेतेपदं आहेत आणि २०२१ साली तो निवृत्तही झाला. बंटीच्या नावावर एक ई-चलन आहे. आरसे गाडीच्या रेषा बिघडवतात म्हणून त्याने ते काढून ठेवले होते, आणि डेक्कनला ट्रॅफिकच्या मामांनी त्याला प्रेमाने बाजूला घेतलं. सायलेन्सरही बदलायचा होता, पण पोलिस असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली घालतात, तो व्हिडिओ बाबांनी त्याला पाठवला. सोबत काहीही लिहिलं नव्हतं. हातमोजे, कोपर आणि खांद्यात पॅड असलेलं जॅकेट, घोट्याच्या वर जाणारे बूट यांची पाळी सगळ्यात शेवटी आली. एक बरं, की हेल्मेट पहिल्या दिवसापासून होतं. पुण्यात हेल्मेट हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याविरुद्ध मोर्चे निघालेले आहेत. त्यात शिरलो तर बंटी बाजूला राहील.

मग तो रविवार आला. असे बंटी एकमेकांना शोधून काढतात आणि पहाटे नाश्त्याला ताम्हिणीला जातात. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्याच्या बंटीचं तोंड निसर्गतःच चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं पश्चिमेला वळतं. जाताना समोरून बाइकवाला आला की मान हलवायची, उजव्या हाताने सलाम करायचा नाही, कारण तो ॲक्सिलरेटरवर असतो, एवढं बंटी शिकून गेला होता. घाटात मित्र पुढे गेले, तो मागे राहिला, पण पोचला धडपणी. मिसळ खाऊन झाल्यावर मंडळींनी एकेकाचे टायर बघायला सुरुवात केली.

हा विधी बाहेरच्यांना माहीत नसतो. गाडी वळणात जितकी कलते, तितकी टायरची कड झिजते. जो कललाच नाही, त्याच्या टायरच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या रबराची पट्टी राहते. तिला चिकन स्ट्रिप म्हणतात, आणि ती जितकी रुंद तितका माणूस भित्रा. बंटीच्या टायरला मधोमध बोटभर रुंदीचा वापरलेला पट्टा होता, बाकी सगळा टायर शोरूममधून आणला तसा. कुणी काही बोललं नाही. एकाने फक्त "नवीन आहे ना" म्हटलं, आणि बंटीला ते फार लागलं.

त्या रात्री पार्किंगमधून खर्र खर्र आवाज येत होता. वॉचमनने टॉर्च मारला तर बंटी मांडी घालून, पॉलिश पेपर घेऊन, टायरच्या कडा घासत होता. वॉचमनला वाटलं, डाग पडलाय. त्याने मदतीला रॉकेलचा बोळा आणून दिला.

हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून पाहिलं. काकांकडे आरएक्स हंड्रेड आहे. यामाहाची ही गाडी भारतात १९८५ पासून १९९६ पर्यंत निघत होती. काकांची शेवटच्या काळातली आहे, तिच्यावर कुणाला हात ठेवू देत नाहीत. सोसायटीत त्यांची ख्याती तुसडे म्हणून आहे, आणि ती खोटी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंटीला खाली बोलावलं. बंटीला वाटलं, आता टायरवरून ऐकावं लागणार. काकांनी पार्किंगमध्ये चार विटा मांडल्या होत्या.

"याच्यामधून वळव."

"काका, एवढ्या जागेत नाही वळत ती."

"ती वळते. तुझी मान वळत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात एकही आकडा नव्हता. क्लच पूर्ण सोडू नकोस, अर्ध्यावर खेळव. ॲक्सिलरेटर एकाच जागी धर. मागचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेव, म्हणजे गाडी ताणलेली राहते, डुलत नाही. पुढच्या ब्रेकला या वेगात हात लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी आडवी. आणि विटेकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिकडे बघ. बंटीने विटेकडे पाहिलं आणि वीट फोडली. दुसरी वीट काकांनीच आणून ठेवली. गाडी एकदा आडवीही झाली, साइड इंडिकेटर गेला, आणि दोघांनी मिळून ती उभी केली. पाठीत न वाकता, मांड्यांच्या जोरावर, सीटला पार्श्वभाग टेकवून कशी उचलायची, तेही बंटीला तेव्हाच समजलं. व्हीव्हीए बघायला काकांनी एकदाही मागितलं नाही. उलट गाडीभोवती एक चक्कर मारून साडीगार्डकडे बोट दाखवत म्हणाले, "हे काढू नकोस. आईला घेऊन जा कुठे तरी."

परवा नेलं त्याने आईला, चतुःशृंगीला. मागची सीट एवढी उंच आणि अरुंद, की आईला बंटीच्या हेल्मेटच्या वरून पुण्याचा उत्तम देखावा दिसत होता. आई एका बाजूला पाय सोडून बसल्यामुळे सगळं वजन डावीकडे. या भारानिशी बंटीने सेनापती बापट रस्त्यावर यू-टर्न घेतला. मोठा घेतला, समोरच्या फुटपाथला जवळजवळ टेकला, पण पाय खाली न लावता घेतला. आईला यात काही विशेष वाटलं नाही. ती मागे बसून, कोथिंबीर कुठे स्वस्त मिळेल ते बघत होती. घरी आल्यावर बंटीने ही गोष्ट बाबांना सांगितली. बाबांनी पेपर खाली केला, "पाय नाही लावलास?" असं विचारलं, आणि पुन्हा पेपर वर केला. आमच्या सोसायटीत याला शाबासकी म्हणतात.

ट्रॅक मोड मात्र त्याने अजून बदललेला नाही, आणि ७,४०० च्या वर गाडी नेली की तो घरी येऊन आजीला सांगतो.

तेव्हा एक विनंती. दुभाजकाच्या फटीत चकचकीत गाडी घेऊन, चवड्यांवर उभा राहून, मान पूर्ण वळवून बघणारा एखादा मुलगा तुमच्यापुढे आडवा आला, तर हॉर्न वाजवू नका. ॲक्टिव्हावर असाल तर मधल्या फटीतून निघूही नका, काकू. दोन क्षण थांबा आणि त्याला वळू द्या.